सायकलीला घातलेला हार

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, ह्याच्या नाकावर माशी बसायच्या आत राग येऊन बसतो. पण काही राग असे असतात की ते यायलाच हवेत. आला नाही तर त्या माणसाचंच काहीतरी बिघडलंय असं समजावं. हा त्यातलाच. पन्नास वर्षं होत आली, अजून त्या शर्यतीचं बोलणं निघालं की माझ्यापुढचा चहा गार होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा कुष्ठतंत्रज्ञ होतो. हुद्दाच असा की सांगितला की समोरचा दोन पावलं मागं सरायचा. आष्ट्याच्या आसपासची वीसेक खेडी माझ्याकडे होती. सकाळी सायकल काढायची, शाळाशाळांतून पोरांचे सदरे काढायला लावायचे, पाठी बघायच्या. कुठं फिकट चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून त्यावर पिसानं हलकेच स्पर्श करायचा आणि विचारायचं, "कळलं का रं?" कळलं तर घाल सदरा. नाही कळलं तर वहीत नाव, आणि पुढं वर्षानुवर्षं पांढऱ्या गोळ्या. मी डॉक्टर नव्हतो. मॅट्रिक होऊन सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला माणूस. पण खेड्यात सगळे 'डाक्तर'च म्हणायचे. तोंडावर डाक्तर, पाठ फिरली की 'म्हारोगवाला'. माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं, तर तीन ठिकाणांहून पत्रिका परत आली. एका बापानं आईला सरळ विचारलं, "पोरगा हात कशानं धुतो?" आईनं त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझ्या वहीतला एक माणूस पलटणीतून आलेला होता. गाव त्याला फौजी म्हणायचं, मीही तेच म्हणतो. बुटका, काटक, छातीनं पिंपासारखा. पाठीवर एक चट्टा आणि डाव्या हाताची करंगळी जराशी वाकलेली, एवढंच काय ते. पण पलटणीनं 'अनफिट' म्हणून घरी पाठवला आणि आठ दिवसांत गावाला कारण कळलं. भावांनी त्याच्या वाटणीचं रान आणि रानातली एक छपरी त्याला दाखवली. "हितंच ऱ्हा आता वस्तीवर, हवा चांगली हाय," म्हणाले. बायको सहा महिने राहिली. मग तिचा भाऊ आष्ट्याहून बैलगाडी घेऊन आला आणि तिला नि तान्ह्या पोरीला घेऊन गेला.

पाच वर्षं फौजीनं गोळ्या खाल्ल्या. एक दिवस चुकवला नाही. दर महिन्याला मी गेलो की तो पाठ करून उभा राहायचा आणि पलटणीतल्यासारखा विचारायचा, "काय रिपोर्ट हाय, डाक्तर?" आष्टा माझ्या फेरीवरच, त्यामुळं दिवाळीला त्याची बायको फराळाचा डबा माझ्या सायकलीच्या हँडलला अडकवायची आणि मी तो त्याला पोचवायचो. डबा परत नेताना तो त्यात भुईमुगाच्या शेंगा भरून द्यायचा, पोरीसाठी. पोरगी सहा वर्षांची झाली होती. बापाला तिनं ओळखीनं असं पाहिलंच नव्हतं.

मग एकदाचा मोठ्या डॉक्टरांनी त्याला दाखला दिला. 'रोगमुक्त.' खाली सही, शिक्का. तो कागद घेऊन मीच आष्ट्याला त्याच्या मेव्हण्याकडे गेलो. मला वाटलं, काम फत्ते. मेव्हण्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"कागद खरा असंल, डाक्तर. मी कुटं न्हाई म्हनतो? पर कागदासंगं पंगतीला कोन बसतंय? चार लोकांनी त्याला पंगतीला घिऊ द्या, मी सोता बहिनीला आनून सोडतो. माझ्या बी दोन पोरी उजवायच्या हाईत."

खरं सांगतो, त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्यानं जे होतं ते तोंडावर सांगितलं. आमच्याकडे पंगत म्हणजे कोर्टाचा निकाल. कोण कुणाच्या शेजारी बसून जेवला ह्यावर भावकी मोडते नि जुळते. फौजीला हे मी सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "मग पंगत बगू कुटं घावती का." पण गावात लग्न असो की बारसं, त्याला बोलावणंच यायचं नाही, घावणार कुठनं?

आणि अशात ती शर्यत निघाली.

सांगलीतल्या एका मंडळानं कराड ते सांगली अशी सायकल शर्यत ठरवली. कुष्ठरोग्यांसाठी दवाखान्याची खोली बांधायची होती, त्याच्या मदतीसाठी. तालुक्यातालुक्यांत पत्रकं लागली. पत्रकावर दोन हात जोडलेले आणि खाली मोठ्या अक्षरात, 'कुष्ठरोगी आपलेच बांधव.' शर्यत संपल्यावर सांगलीत बक्षीस समारंभ, आणि मग, हे वाचून मी जागच्या जागी उडालोच, 'सर्व स्पर्धक व मान्यवरांचे सहभोजन.' म्हणजे पंगत! सांगलीसारख्या गावात, मांडवात, हजार लोकांसमोर. मी तसाच सायकल हाणत वस्तीवर गेलो.

"फौजी, पंगत घावली."

त्यानं पत्रक वाचलं. म्हणाला, "ह्यात सायकल बी मारायची हाय न्हवं?"

"मारता येती का?"

"आवं डाक्तर, पाच साल झालं, मला येस्टीत कुनी शेजारी बसू देत न्हाई. सांगलीला वैरण आनाय गेलो तरी सायकलनंच जातोय की."

फॉर्म मी भरला. इथंच माझा शहाणपणा नडला, आणि तो मी पहिल्यांदा सांगून टाकतो म्हणजे पुढं दुसऱ्यांना शिव्या द्यायला मोकळा. फॉर्मात नाव, गाव, वय झालं की शेवटी एक रकाना होता, 'विशेष माहिती'. रिकामा रकाना सरकारी माणसाला बघवत नाही. मी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पूर्वीचा कुष्ठरुग्ण. आता पूर्ण रोगमुक्त. सोबत दाखल्याची नक्कल.' आणि नक्कल टाचली. मला वाटलं, मंडळवाले ह्याला डोक्यावर घेतील. स्टेजवर बोलावून म्हणतील, लोकहो, बघा, रोग बरा होतो, हा घ्या पुरावा. आता बघा, सांगलीत त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. वाकडी करंगळी हँडलच्या मुठीखाली झाकत होती. मी ते लिहिलं नसतं तर तो चार लोकांसारखा आला असता, धावला असता, जेवला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं. आणि तेही माझा हात नव्हे, त्याचा.

त्याच्या सोबतीला म्हणून मीही नाव दिलं होतं; मंडळानं दोघांनाही नंबर पाठवले. फौजीनं महिनाभर तयारी केली. मडगार्ड काढले, कॅरियर काढलं, चेन रॉकेलनं धुतली. पहाटे उठून पेठ नाक्यापर्यंत जाऊन यायचा. मी मेव्हण्याला निरोप धाडला की सांगलीला या, बहिणीला आणि पोरीला घेऊन या, पंगत तुमच्या डोळ्यांनी बघा. त्यानं "येतो" म्हणून कळवलं.

शर्यतीच्या दिवशी कराडात आम्ही पन्नासएक जण जमलो. कॉलेजची पोरं उलट्या हँडलच्या सायकली घेऊन आलेली, बाकी आम्ही सगळे काळ्या बावीस-इंचीवाले. थंडी चांगलीच होती. मी छातीवर नंबर टाचत होतो तेवढ्यात मंडळाचे चिटणीस आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले. माणूस गोड बोलणारा, अंगावर खादी, खिशाला दोन पेनं.

"तुमचा तो माणूस... त्याला उतरवायचंच का शर्यतीत?"

"का? काय झालं?"

"नाही, म्हणजे आमचा विरोध नाही. पण बाकीचे स्पर्धक आहेत, त्यांच्या घरचे आहेत. लोकभावना असते."

"अहो, शर्यत कुणासाठी आहे?"

"त्यांच्यासाठीच! म्हणून तर म्हणतो, त्यांनी कशाला दगदग करायची? त्यांनी विश्रांती घ्यावी."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला. म्हणालो, त्याचा दाखला तुमच्या फायलीत आहे, नंबर तुम्हीच दिलाय, आणि तो निघाला नाही तर मी इथंच सगळ्यांना ओरडून सांगतो की तुमचे ते जोडलेले हात कुणाला दुरून नमस्कार करतायत. लोक वळून बघायला लागले. तेव्हा चिटणीसांनी तोड काढली. तो सर्वांच्या मागून निघेल. बाकीचे सुटल्यावर शंभर आकडे मोजायचे आणि मग. "वारा समोरून आहे," ते हळूच म्हणाले, "पुढच्याचा मागच्याला लागतो."

हे सुशिक्षित माणूस बोलला. मला वाटलं, पेनांसकट खिसा फाडावा.

फौजी मात्र शांत. "असू द्या, डाक्तर. मी बुटका. परेडला मला म्हागंच लावायचे."

मीही त्याच्याबरोबर मागं थांबलो. शंभर मोजून आम्ही निघालो. कराड सोडून मलकापूर लागेपर्यंत पुढची पोरं दिसेनाशी झाली होती. गळीत हंगाम होता, उसाच्या गाड्यांनी अर्धा रस्ता अडवलेला, रस्त्यावर पाचट पसरलेलं. फौजी माझ्यापुढं चालला होता आणि दर मैलाला मागं वळून "यू द्या, यू द्या" म्हणत होता. शेवटी मीच म्हणालो, "माझी वाट बघू नको, मर जा पुढं!" तो हसला आणि उभा राहून पायडल मारायला लागला. पहिल्या वळणावरच गायब.

आता पुढं जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. मंडळानं वाटेवरच्या गावांना कळवलेलं, की स्पर्धकांचं स्वागत करावं. गावांनी ते मनावर घेतलं. पहिल्या गावात वेशीला कमान, ताशा, पाच सुवासिनी आरत्या घेऊन उभ्या. आता शर्यत असली म्हणून काय झालं, बाई ओवाळायला पुढं आली तर सायकल दामटून जाणार कोण? पुढची सगळी पोरं उतरली. कुंकू लावून घेतलं, नारळ घेतला. सरपंच चार शब्द बोलले. चार शब्दांचे चाळीस झाले. नारळ कुठं ठेवायचा म्हणून पोरं ते सदऱ्यात कोंबून निघाली. पुढच्या गावात तेच. इस्लामपूरला तर बाकं टाकून दूध पाजलं आणि एका पुढाऱ्यांनी कुष्ठरोग ह्या विषयावर भाषण दिलं. त्यातलं निम्मं चूक होतं, मी उभा राहून ऐकलंय.

फौजी कुठंच थांबला नाही. आरत्या दिसल्या की तो रस्ता सोडून खालच्या चाकोरीनं जायचा. मला त्यानं नंतर सांगितलं, "मला कोन ववाळतंय? उगं बायांची पंचाईत नगो." पाणीही त्यानं कुणाकडचं घेतलं नाही, पलटणीतली बाटली गळ्यात होती. असं करता करता शंभर आकडे मागून सुटलेला माणूस आष्ट्याच्या अलीकडंच सगळ्यांच्या पुढं गेला.

मी सांगलीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पाय लाकडासारखे झालेले. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. फौजी एका बाजूला सायकल धरून उभा. मी लांबूनच ओरडलो, "कितवा?" त्यानं एक बोट वर केलं. मी तिथंच सायकल टाकून त्याला मिठी मारली. मांडवाच्या कडेला मेव्हणा उभा होता, त्याच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली त्याची बहीण आणि तिचा हात धरून पोरगी. पोरगी फौजीकडे टक लावून बघत होती. फौजीची तिकडं बघायची हिंमत होत नव्हती, तो आपला सीट पुसत होता.

स्टेजमागं मंडळवाल्यांची कुजबुज बराच वेळ चालली. मग चिटणीस माईकवर आले. कॉलेजचा एक मुलगा पहिला, दुसरा एक दुसरा, आणि फौजी तिसरा.

मी उठलोच. "तिसरा कसा? तो एकटा आला की पुढं!"

चिटणीस गोड हसले. "सदर स्पर्धकानं गावोगावच्या स्वागताचा स्वीकार केला नाही. माताभगिनींचा मान ठेवण्यात इतरांचा जो वेळ गेला, तो आम्ही वजा केला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. ज्याला ओवाळलं तर आरती धुऊन घेतली असती, त्यानं आरती टाळली म्हणून हा दंड. फौजीनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. "तीन तर तीन, डाक्तर. मला नंबर नगो हाय. पंगतीला बसू द्या."

पहिल्याला अध्यक्षांनी फेटा बांधला, हार घातला. दुसऱ्याला तसंच. मग फौजी पायऱ्या चढला. अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला, तरी मान ताठ. अध्यक्षांनी हार हातात घेतला आणि चिटणीस त्यांच्या कानाशी लागले. अध्यक्षांचे हात हवेत थांबले. मोठे मुरलेले गृहस्थ; क्षणात सावरले. माईककडे वळून म्हणाले, "खंडेनवमीला आपण सायकलीला हार घालतो. आज ज्या सायकलीनं एवढी मजल मारली, तिचा सत्कार नको का व्हायला? आणा ती सायकल वर!"

सायकल वर आणली. हार तिच्या हँडलला घातला. फेटा घडीचा घडीच सीटवर ठेवला. लोक हसले, पुन्हा टाळ्या. केवढी कल्पकता! माणूस तिथं हातभर अंतरावर मान पुढं करून उभा आणि हार लोखंडाला. फौजी क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, सायकल धरली आणि पायऱ्या उतरून खाली आला.

मला अजून वाटतं, त्याच वेळी स्टेजवर चढून तो हार ओढून काढायला हवा होता. पण मीही त्याच्यासारखाच पंगतीच्या आशेवर होतो. मेव्हणा बघतोय, पंगत झाली की सगळं मिटलं, असं मनाशी म्हणत मी दात आवळून बसलो.

पंगत बसली. मांडवात लांबच लांब पट्ट्या टाकलेल्या, पत्रावळी मांडलेल्या. वांग्याची भाजी, भात-आमटी, बुंदी. फौजी हातपाय धुऊन आला, पहिल्या रांगेच्या टोकाला बसायला गेला, तर एक कार्यकर्ता आडवा आला. "तुम्ही इकडं या. दमलाय तुम्ही. तिथं सावलीत सोय केलीय." सावलीत म्हणजे मांडवाबाहेर, झाडाखाली, जिथं सगळ्यांच्या सायकली लावल्या होत्या. तिथं एकच पत्रावळ मांडली होती.

फौजी गेला आणि बसला. वाढपी आला, त्यानं कमरेएवढ्या उंचीवरून आमटी सोडली. निम्मी त्याच्या मांडीवर उडाली.

मग मात्र मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. माझी पत्रावळ उचलून त्याच्यासमोर जाऊन बसलो. आणि सगळे बघतायत हे बघून त्याच्या पानातला भात त्याच्या आमटीत कालवला नि घास तोंडात घातला. आणखी एक घातला. ओरडलो, "बघा रे! काय झालं मला? दवाखाना कुणाला बांधताय? पत्रकावर बांधव आणि पंगतीला बाहेर? लाज वाटू द्या!" तोंडातली शितं उडत होती, मला भान नव्हतं. मग चिटणीस शांतपणे म्हणाले, "तुम्ही सरकारी नोकर आहात. जपून बोला." आणि वाढप्यांना म्हणाले, "बुंदी घ्या, बुंदी."

मी मेव्हण्याकडे गेलो. खरकटा हात तसाच. म्हणालो, "बघितलं ना? जेवलो का नाही मी त्याच्या पानात?"

मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे कबूल करायला हवं.

"तुमी जेवला, डाक्तर. पर तुमची नोकरीच हाय ती."

बहिणीला म्हणाला, "चल, येस्टी जाईल." ती वळून वळून बघत गेली. पोरीला ओढत न्यावं लागलं.

आम्ही सायकलींवरच परत निघालो. कृष्णेचा पूल ओलांडल्यावर मी त्याला फॉर्मचं सांगितलं. म्हणालो, मीच लिहिलं होतं, माझ्यामुळं झालं. तो म्हणाला, "मला ठावं हाय. तुमी खोटं कशापायी लिवाल?" ह्यापेक्षा त्यानं एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. हार अजून हँडलला होता. वस्तीवर पोचल्यावर त्यानं तो काढला आणि बैलापुढं टाकला.

मला साहेबांकडून मेमो मिळाला, समारंभात असभ्य वर्तन केल्याबद्दल. मंडळानं पुढं एक पुस्तिका काढली, त्यात फोटो होता. हार घातलेली सायकल, शेजारी हसणारे अध्यक्ष. फौजीचा एक खांदा तेवढा कडेला राहिला होता, बाकीचा कापला होता. ती पुस्तिका मी चुलीत घातली.

दोन महिन्यांनी माझ्या नेहमीच्या फेरीला वस्तीवर गेलो, तर छपरीपुढं सडा घातलेला. दोरीवर लुगडं वाळत होतं. पोरगी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सायकलवरून उतरायचं विसरून तसाच एक पाय टेकून उभा राहिलो. फौजीची बायको बाहेर आली. एकटीच आली होती पोरीला घेऊन, एस्टीनं, भावाला न विचारता.

"त्यांनी हार सायकलीला घातला, ते मी बगितलं," ती म्हणाली. "मला रात-रात झोप लागंना. पाच साल मी बी तेच करत हुते की. दिवाळीचा डबा सायकलीला अडकवायचा आन आपुन लांब ऱ्हायाचं. मग त्यांच्यात नि माझ्यात काय फरक?"

मला रडायलाच आलं. तिनं चहा केला, पोहे केले. फौजी पोरीला मांडीवर घेऊन बसला होता आणि पोरगी त्याची वाकडी करंगळी धरून हलवत होती. मी म्हणालो, वहिनी, जिंकला हो फौजी, आता खरा पहिला आला. सगळे हसलो.

निघायच्या वेळी ती माझ्यामागं बांधापर्यंत आली.

"डाक्तर, एक सांगू का? राग मानू नगा."

"बोला की."

"तुमी आता येऊ नगा."

मला वाटलं, थट्टा करतेय.

"शेजारच्या वस्तीवरच्या बाया आमच्या हिरीवर पान्याला याय लागल्यात. येक जन परवा हळदीकुंकवाला बलावून गेली. पर तुमची सायकल दारात दिसली की त्या माघारी वळत्यात. सायकल समद्यांनी वळखलीया, डाक्तर. ती दुसऱ्या कुनाच्या दारात लागत न्हाई."

मी म्हणालो, "अजून दोन वर्षं त्याची पाठ बघावी लागते. नियम आहे."

"पाठ मी रोज चोळते. काय दिसलं तर मीच तुमच्याकडं घिऊन येती."

"वहिनी, अहो, मी त्याच्या पानात जेवलोय!"

"व्हय," ती म्हणाली, "म्हनून तर तुमाला सांगाय येतंय. दुसऱ्या कुनाला सांगितलं असतं का?"

मी मागं बघितलं. फौजी गोठ्यात पाठमोरा उभा राहून काहीतरी शोधत होता, आणि ते त्याला सापडत नव्हतं. मला इतका राग आला होता की कान वाजत होते, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. समोर ती बाई हात जोडून उभी, आणि तिचं एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वहीत त्याच्या नावापुढं लिहिलं, 'गाव सोडून गेला.' तो कुठंच गेला नव्हता. त्या रस्त्यानं पुढं नऊ वर्षं माझी फेरी होती. त्याच्या वस्तीवरून जाताना पोरगी अंगणात दिसायची, हात हलवायची. मी समोर बघत सायकल जोरात मारायचो, घंटीसुद्धा वाजवायचो नाही.